आज पाऊस पडणार नाही

कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या मागे एका बोळात
सायकलच्या दुकानावरचा जिना चढलं की
समुद्र होता.

म्हणजे भिंतीवर.
निळा ऑइलपेंट, मध्येच एक स्विचबोर्ड,
आणि स्विचबोर्डाला वळसा घालून निघालेलं गलबत.
माड होते चार, प्लॅस्टिकचे,
त्यांच्या झावळ्या दर सोमवारी
ओल्या फडक्यानं पुसल्या जायच्या.
हॉटेलचं नाव लगून.
बाबा शेवटपर्यंत लगोरी म्हणत राहिले.

वर्षातून एकदा जायचो,
खडकीच्या कारखान्याचा बोनस झाला की.
बाबा मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचायचे,
आई पाण्याचा ग्लास नाकाशी नेऊन हुंगायची,
मी आणि नंदन अननसाचा भात मागवायचो
कारण तो अननसातच यायचा,
उभ्या चिरलेल्या, शेंडीसकट.
ती शेंडी नंदननं एकदा घरी आणून कुंडीत लावली.
उगवली नाही.
त्यावरून काही झालं नाही. तो शाळेत गेला.

दर अर्ध्या तासानं तिथं पाऊस पडायचा.
आधी दिवे मंद. मग गल्ल्यामागे
मालक रिबेलो स्वतः पत्रा हलवून ढग आणायचे.
समोरच्या आरशात ते सगळ्यांना दिसायचे
पण कुणी कुणाला सांगत नसे.
मग खिडकीबाहेरच्या पन्हळीवर
भोकं पाडलेल्या नळीतून तीन मिनिटं सर.
चमचे हवेत थांबायचे.
एकदा मे महिन्यात गेलो,
नंदनच्या मुंजीतला आहेर उरला म्हणून,
तर जिन्यावरच पाटी:
'पाणीकपातीमुळे आज पाऊस पडणार नाही.
चौकशी करू नये.'
बाबांनी चौकशी केली.

सरबतात कागदी छत्री यायची.
आईनं एक रुमालात गुंडाळून आणली
आणि सकाळी देव्हाऱ्यात बाळकृष्णामागे उभी केली.
गुलाबी. बरोबर त्याच्या मापाची.
'त्याला कोण नेतंय हॉटेलात,' म्हणाली.

आमचा वेटर तांडेल, वेंगुर्ल्याकडचा.
फुलाफुलांचा शर्ट, खाली रबरी चपला,
आणि उभा राहायचा नेहमी
भिंतीकडे पाठ करून.
मी नऊ वर्षांची असेन. विचारलं,
खरा समुद्र असाच असतो का?
त्यानं वळून पाहिलं. गलबत पाहिलं, स्विचबोर्ड पाहिला.
'ह्यो बरो,' म्हणाला.
'ह्यो कोणाक नेणा नाय, बाय.'
मला वाटलं, फिरायला.
मी म्हटलं, मग तुम्ही न्या ना आम्हाला.
तो हसला, आणि माझ्या ताटात
न मागता एक जास्तीची चेरी ठेवून गेला.

पुढे खूप वर्षांनी वेंगुर्ल्याला गेले,
ऑफिसच्या कामानं, संध्याकाळ मोकळी होती.
समुद्र होता. मोठा, मातकट,
मासळीचा, डिझेलचा वास असलेला.
बंदराजवळच्या एका घराच्या ओट्यावर
कुणी म्हातारी जाळं सोडवत बसली होती.
तिला विचारावं वाटलं, तांडेल कुठले, किती होते,
किती आहेत.
विचारलं नाही.
पाण्यात गेले ते घोट्यापर्यंत.

लगून कधी बंद झालं आम्हाला कळलंच नाही.
बोनस थांबला, मग कारखान्यातून बाबा थांबले,
मग बाकीचं.
छत्री अजून आहे देव्हाऱ्यात,
गुलाबीची आता पांढरी, एक काडी मोडलेली;
आई दर एकादशीला देव घासताना
ती बाजूला काढून ठेवते आणि पुन्हा लावते.

परवा त्याच जिन्यावर गेले, दाढ काढायला.
दातांचा दवाखाना आहे तिथं, भिंती पांढऱ्या,
स्विचबोर्ड मात्र जागच्या जागी.
खुर्चीत मागे रेललेली, तोंड उघडं,
आणि खिडकीबाहेर पत्र्यावर
टप. टप टप.
डॉक्टर म्हणाल्या, शेजारच्यांचा एसी आहे हो, गळतो,
किती वेळा सांगितलं.
मला बोलता येत नव्हतं.
मी हात वर केला.
त्यांना वाटलं, दुखतंय.
त्या थांबल्या, आणि सगळं शांत झालं,
तीन मिनिटं तरी.